खाडीतला खेकडा टाकीत का मरतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरीजवळच्या खाडीतून, ओहोटीला चिखलावर फिरणारे पाच लहान खेकडे घरी आणले. त्यांतल्या तिघांची एक नांगी अंगाएवढी मोठी. दोन फुटी काचेची टाकी विहिरीच्या पाण्याने वरपर्यंत भरली, खाडीचं पाणी खारट म्हणून चार मुठी खडे मीठ टाकलं, तळाला रंगीत खडे घातले आणि माशांच्या टाकीचा फिल्टर लावला. दहा दिवसांत दोन मेले. एकाची मोठी नांगी गळून पडली. एक दगडाच्या फटीत बसून आहे, काही खात नाही. पाचवा सारखा फिल्टरच्या नळीवर चढून बसतो. काय चुकलं, आणि उरलेले तीन कसे जगवायचे?

नळीवर चढलेल्या खेकड्याकडे आधी बघा. त्याला पाण्याबाहेर यायचं आहे आणि टाकीत कोरडी जागाच नाही. हा फिडलर खेकडा. कोकणातल्या खाड्यांच्या काठी दिसणाऱ्या फिडलरांमध्ये ऑस्ट्रुका अ‍ॅन्युलिपीस ही जात सर्रास आढळते. तो कल्ल्यांनीच श्वास घेतो, पण हवेत राहून. कल्ले ओले ठेवण्यापुरतं पाणी त्याला लागतं. दिवसातले कित्येक तास तो उघड्या चिखलावर काढतो आणि भरती आली की बिळात शिरतो. फूटभर खोल पाण्यात, बाहेर यायला वाट नसताना कोंडला तर तो दमतो आणि गुदमरतो. तेव्हा पहिली चूक पाण्याच्या खोलीची, दुसरी मिठाची. तिसरी डोळ्यांना दिसत नाही: नव्या टाकीत साठणारा अमोनिया.

आज लगेच करायचं ते असं. एक पसरट प्लास्टिकचा टब घ्या आणि एका बाजूखाली वीट सरकवून तो तिरका करा. समुद्राचं पाणी दोन भाग आणि क्लोरीन नसलेलं विहिरीचं पाणी एक भाग मिसळून, खोलगट बाजूला तीन-चार सेंटिमीटर भरेल इतकंच ओता. वरच्या बाजूला ओली वाळू पसरा, तिच्यावर कौलाचा एक-एक तुकडा प्रत्येक खेकड्यासाठी पालथा ठेवा आणि वरून मच्छरदाणीची जाळी घट्ट बांधा. खेकडे वाळूवर सोडा, पाण्यात टाकू नका. सध्याच्या टाकीत लिटरला जेमतेम सहा-सात ग्रॅम मीठ असेल, टबात ते तेवीसच्या आसपास जाईल. ही जात खारटपणातला फरक बराच सोसते, पण पाण्यात कधी उतरायचं हे तिला ठरवू द्यावं. फटीतला खेकडा बाहेर ओढू नका, दगडासकट उचलून टबात ठेवा. तो का बसला आहे ते पुढे सांगतो. कायमची टाकी तयार व्हायला महिना लागतो. तोवर टबातलं दोन-तीन लिटर पाणी रोज पूर्ण बदललं की काम भागतं.

आता मीठ. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, पण ते नुसतं सोडियम क्लोराइड नव्हे. मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट आणि बायकार्बोनेटही त्यात असतात. खडे मीठ मिठागरात पिकताना यातलं बहुतेक मागे राहतं, म्हणून ते जेवणात चालतं आणि टाकीत चालत नाही. त्यात कोकणातल्या जांभ्यातून झिरपलेलं विहिरीचं पाणी मुळात मऊ, थोडं आम्लाकडे झुकलेलं आणि कॅल्शियमला गरीब. दोन्ही उणिवा एकत्र आल्या की पाणी जिभेला खारट लागतं, पण खेकड्याच्या कवचाला त्यातून काही मिळत नाही.

किनाऱ्यावर राहणाऱ्याला खरं तर बाजारातलं मीठ घ्यायची गरज नाही. भरती पूर्ण चढलेली असताना, नदीच्या मुखापासून, बंदरापासून आणि सांडपाण्याच्या ओहोळापासून दूर, उघड्या समुद्राचं पाणी घ्या. चार पदरी सुती कापडातून गाळा आणि झाकणाच्या खाद्य दर्जाच्या कॅनमध्ये अंधारात दोन आठवडे ठेवा. त्यातले सूक्ष्म जीव मरून गाळ तळाशी बसतो, वरचं निवळ पाणी वापरायचं. जून ते सप्टेंबर हे पाणी घेऊ नये. नद्यांचं लाल पाणी किनाऱ्यालगत खूप दूरवर पसरलेलं असतं, खारटपणा रोज वेगळा आणि वाहून आलेलं काय काय त्यात मिसळलेलं. मे महिन्यातच पावसाळाभर पुरेल इतकं भरून ठेवावं. लहान टाकीला चाळीस-पन्नास लिटर रगड होतं.

किनाऱ्यापासून लांब असाल तर मरीन टाकीसाठी मिळणारं तयार क्षारमिश्रण घ्या. फिडलरला लिटरला २५ ग्रॅम पुरे, म्हणजे बारा लिटरला ३०० ग्रॅम. चमच्याने मोजू नका, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. हायड्रोमीटरवर (पाण्याची घनता मोजणाऱ्या साधनावर) हे १.०१५ ते १.०१८ च्या दरम्यान दिसायला हवं. खाडीच्या वरच्या, मचूळ अंगाला हा खेकडा याहून कमी खारटपणातही असतो आणि मुखाशी पूर्ण खाऱ्यात. म्हणून एक आकडा पकडून तो स्थिर राखणं महत्त्वाचं.

बाष्पीभवनाचा हिशेब मात्र बहुतेकांचा चुकतो. टाकीतून उडतं ते नुसतं पाणी, क्षार आतच राहतात. पातळी उतरली म्हणून पुन्हा समुद्राचं पाणी ओतलं की खारटपणा चढत जातो. एप्रिल-मेमध्ये महिन्याभरात २३ चं ३० व्हायला वेळ लागत नाही. काचेवर पक्क्या पेनाने रेघ मारा आणि रोज त्या रेघेपर्यंत गोडंच पाणी घाला. खारं पाणी फक्त आठवड्याच्या बदलाच्या वेळी.

कायमच्या टाकीची मांडणी आता. तुमची दोन फुटी टाकी (६० बाय ३० सेंटिमीटर, उंची ३८) चार फिडलरांना पुरते: एक नर आणि तीन माद्या, किंवा फार तर दोन नर. नर-मादी ओळखायला नुसती नांगी बघून भागत नाही, नांगी गळालेला नर मादीसारखाच दिसतो. पालथा करून पोटावरची झडप बघा. अरुंद, त्रिकोणी असली तर नर, रुंद गोलसर असली तर मादी. बाजारात चिंबोरी विकणारी बाई हेच करून दाखवते.

टाकीच्या दोन तृतीयांश भागात जमीन, एक तृतीयांशात पाणी. जमिनीला धुतलेली बारीक वाळू चार भाग आणि शिंपल्यांचा चुरा एक भाग, थर मागच्या बाजूला निदान १३ ते १५ सेंटिमीटर, पाण्याकडे उतरता. एवढ्याला पंचवीस-तीस किलो वाळू लागते, तेव्हा टाकीखालचं टेबल आधी तपासा. वाळूत ओल किती हवी? मूठ आवळली की लाडू वळावा आणि बोटांतून पाणी गळू नये. याहून कोरडी असली तर बीळ ढासळतं, ओली असली तर आत पाणी भरतं आणि तळाची वाळू कुजते. रंगीत खड्यांत बीळ होतच नाही. बीळ नाही तर खेकड्याला लपायला, ओल टिकवायला आणि कात टाकायला जागा नाही. खडे काढून टाका.

पाणी पाच-सहा सेंटिमीटर खोल. मोटरचा फिल्टर इथे निरुपयोगी, कारण त्याची ओढ लहान खेकड्यांचे पाय पकडते. हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर लावा. पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा किंवा नळीत एकदिश वाल्व्ह घाला, नाहीतर वीज गेली की पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं. झाकण हवंच, पण हवाबंद नको. लोखंडी जाळी गंजते, प्लास्टिकची लावा. नळी आणि वायर जिथून आत जातात ती भोकं स्पंजाने बुजवा. पळालेला खेकडा बहुतेक वेळा तिथूनच गेलेला असतो आणि दोन दिवसांनी कपाटाखाली वाळलेला सापडतो. उष्मा-दिवा नको. कोकणातल्या घरात पाणी सहसा २४ ते ३० अंशांत राहतं आणि तेवढंच त्यांना हवं. साधा एलईडी दिवसाला आठ-दहा तास पुरे.

टाकी मांडली म्हणजे लगेच खेकडे सोडायचे असं नाही. विष्ठा आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. त्याला नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू स्पंजात आणि वाळूत वसायला आपल्या हवामानात साधारण चार आठवडे लागतात. रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकत राहा आणि दर तीन दिवसांनी टेस्ट किटने तपासा. आधी अमोनिया चढतो आणि उतरतो, मग नायट्राइट. दोन्ही शून्यावर येऊन आठवडाभर तिथेच राहिले की टाकी तयार. तुमचे पहिले दोन खेकडे बहुधा या चढावरच गेले, आणि खोल पाण्याने उरलीसुरली ताकद घेतली.

इथे एक बारकावा आहे. पाण्याचा पीएच जितका जास्त, तितका अमोनियाचा विषारी भाग मोठा. मचूळ टाकीत पीएच ७.८ ते ८.३ हवा आणि शिंपल्यांचा चुरा तो तिथे धरून ठेवतो. पण अमोनिया चढलेल्या टाकीत पीएच वाढवायला म्हणून चुरा किंवा सोडा टाकला तर एका रात्रीत उरलेलेही मरतात. आधी पाणी बदला, अमोनिया शून्यावर आणा, मग चुरा. टाकी चालू झाल्यावर दर आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदला. स्पंज काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाखाली धुतला तर महिनाभर पोसलेले जिवाणू क्लोरीनने मरतात. ग्रामपंचायतीच्या विहिरीतही टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग) पावडर टाकतात. त्यामुळे विहिरीचं पाणी म्हणजे क्लोरीन नाही असं धरून चालू नका, एक रात्र उघड्या बादलीत हवा सोडून ठेवा.

खेकडे पाळणाऱ्याला सगळ्यात जास्त गोंधळात टाकते ती कात. कवच वाढत नाही, म्हणून वाढायचं तर ते टाकावं लागतं. आधी काही दिवस, कधी दोन आठवडे, खेकडा खाणं सोडतो, रंग मळकट होतो, बिळात किंवा फटीत बसून राहतो. गळालेल्या पायाच्या जागी कोंब असेल तर तो फुगतो. मग पाणी शोषून तो अंग फुगवतो, कवच आणि पोट यांच्यामधल्या मागच्या सांध्याला फट पडते आणि तो मागच्या मागे बाहेर सरकतो. कल्ल्यांचं आवरण, डोळ्यांची टोपणं, पायांची टोकंसुद्धा जुन्या कवचाबरोबर निघतात. म्हणूनच उरलेली कात हुबेहूब मेलेल्या खेकड्यासारखी दिसते आणि लोक ती फेकून देतात. उचलून बघा. हलकी, मागून उघडी, डोळे काचेसारखे पारदर्शक आणि वास नाही, म्हणजे कात. मेलेला खेकडा आपल्या उकाड्यात दिवसभरात घाण मारू लागतो. शंका असली तर एक दिवस थांबा.

कात टाकीतच राहू द्या. तिच्यातलं कॅल्शियम खेकडा परत खातो. बाजारात चिंबोरी हातात हलकी लागली की पोकळ म्हणून बाजूला ठेवतात. ती नुकतीच कात टाकून पाण्याने फुगलेली असते, मांस अजून भरायचं असतं. तुमचा खेकडा याच अवस्थेत तीन ते सात दिवस मऊ आणि लाचार असतो. याच वेळी बाकीचे त्याला खातात. त्याला उचलून वेगळं करू नका, मऊ पाय हातात येतात. त्याच्या भोवती प्लास्टिकच्या जाळीचा आडोसा वाळूत रोवा. कवच घट्ट व्हायला पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम लागतं. खडे मिठाच्या पाण्यात नेमकं तेच नसतं, म्हणून तिथे खेकडा कातेत अर्धा अडकून मरतो किंवा कागदासारखा मऊच राहतो. अर्धवट अडकलेला दिसला तरी ओढायचं नाही. जवळची वाळू ओली ठेवा, दिवा बंद करा, वाट बघा.

फटीत बसलेला तुमचा खेकडा याच तयारीत असण्याची शक्यता बरीच आहे. डोळ्यांचे देठ हलत असतील, जवळ बोट नेल्यावर पाय आवळत असतील तर त्याला पंधरा दिवस हात लावू नका आणि खाणंही त्याच्यापुढे टाकू नका. पाय सैल लोंबत असतील, उलटा केल्यावर सरळ होत नसेल, तर ती कात नव्हे, विषबाधा.

गळालेल्या नांगीची काळजी नको. खेकडा ती स्वतःच सोडतो, ठरलेल्या सांध्यावर, आणि जखम आतल्या पडद्याने मिटते. पायाला धरून उचलणं, दुसऱ्याशी झुंज, अमोनिया ही नेहमीची कारणं. औषध लावायची गरज नाही. फिडलरची मोठी नांगी खायला उपयोगी पडतच नाही, ती माद्यांना खुणावायला आणि भांडायला असते. तो खातो लहान नांगीने. पुढच्या काही कातींमध्ये मोठी नांगी त्याच बाजूला पुन्हा येते, लांबीला बरोबर पण वजनाला हलकी. दुसरी नांगी मोठी होऊन बाजू बदलते असं सांगितलं जातं, ते या जातीत खरं नाही. धरायचं असेल तेव्हा मागून, कवचाच्या दोन्ही कडांना, अंगठा आणि तर्जनीने.

खाणं फार लागत नाही. खाडीत हे खेकडे चिखल तोंडात घेतात, त्यातलं शेवाळ आणि कुजका पाला गाळून घेतात आणि उरलेल्या वाळूच्या गोळ्या करून टाकतात. टाकीत बुडणारं कोळंबी-खाद्य, भिजवून धुतलेला सुका जवळा, उकडलेला वाटाणा सोलून, शेवाळाचा तुकडा, असं आलटून पालटून, एकाला तांदळाच्या दाण्याएवढं, एक दिवसाआड. मिठातली सुकी मासळी, तळलेलं काही, भात, पोळी नको. रात्रीचं उरलेलं सकाळी उचलायचं. तिवराची गळून सुकलेली दोन पानं पाण्यात टाकून ठेवली तर ती हळूहळू कुरतडली जातात. कॅल्शियमसाठी किनाऱ्यावर सापडणारा समुद्रफेस उकळून, वाळवून, त्याचा बोटभर तुकडा वाळूवर ठेवा. पंधरा दिवसांतून एकदा स्वच्छ खाडीच्या काठचा मूठभर वरवरचा चिखल जमिनीवर पसरला तर खेकडे तासन्‌तास गोळ्या करत बसतात. गावाचं गटार मिळतं तिथला चिखल मात्र घेऊ नये.

कोकणी घरात खेकड्यांना मारणाऱ्या दोन गोष्टी अशा की त्यांच्यावर कोणाचा संशय जात नाही. पहिली तांबं. खेकड्याच्या रक्तात तांबं असतं, पण पाण्यात विरघळलेलं तांबं त्याला अगदी थोडक्यातही विष आहे. पाणी तांब्याच्या कळशीतून आणू नका, पितळी तोटी टाकीजवळ नको आणि माशांच्या बुरशीची, किड्यांची औषधं डब्यावरचा घटक वाचल्याशिवाय टाकू नका. दुसरी डासांची. कॉइल, प्लगला लावायचं द्रव, फवारा या सगळ्यांतली पायरेथ्रॉइड वर्गातली द्रव्यं कोळंबी-खेकड्यांना कमालीची घातक आहेत, आणि हवेचा पंप खोलीतली हवा थेट पाण्यात सोडतो. टाकीच्या खोलीत डासांना फक्त मच्छरदाणी. रात्री धडधाकट असलेले सगळेच सकाळी उलटे पडले तर पहिली शंका याचीच घ्यावी.

कवचावर काळे-तपकिरी खड्डे पडले तर ते कवच खाणारे जिवाणू, आणि मूळ सडक्या वाळूत. पाणी बदला, वाळूचा वरचा थर हलवा, पुढच्या कातीबरोबर डाग जातात. वाळू खणल्यावर काळी निघाली आणि सडक्या अंड्याचा वास आला तर त्या जागची वाळू सरळ बदला. तोंडाशी फेस मात्र आजार नाही, कल्ल्यांतलं पाणी हवेशी घुसळलं जातंय एवढंच. हाताला जखम असताना टाकीत हात घालू नका. मचूळ पाण्यातले काही जिवाणू माणसाची जखम गंभीर चिघळवतात.

वीज जाण्याची तयारी इथे हवीच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे वीज कित्येक दिवस नव्हती. उथळ पाणी आणि पुरेशी जमीन असलेल्या टाकीत फिडलर अशा वेळीही जगतात. खाणं बंद करायचं, रोज एक पंचमांश पाणी बदलायचं आणि साठवलेल्या कॅनचा उपयोग करायचा. बॅटरीवरचा पंप असला तर उत्तमच.

दुसऱ्या जातींचं विचाराल तर पावसाच्या पहिल्या सरींना शेतात निघणारे मुठे गोड्या पाण्याचे. त्यांना मीठ नको, जमीन आणि लपण हवं, आणि एका टाकीत एकच. खडकांतल्या डबक्यात शंख घेऊन चालणारे लहान खेकडे पूर्ण समुद्राच्या पाण्यात, १.०२४ च्या आसपास, आणि प्रत्येकाला थोड्या मोठ्या तोंडाचे तीन-चार रिकामे, न रंगवलेले शंख. पुळणीवर धावणारा पांढुरका खेकडा आणि खाजणातली चिंबोरी घरी आणूच नयेत. पहिल्याचं बीळ हातभर खोल, दुसरी वाढते किलो-दोन किलोची आणि बोट मोडते. दुकानात लाल नांगीचा लहान खेकडा गोड्या पाण्यात चालतो म्हणून विकतात. तो मचूळ पाण्याचा आहे, गोड्यात काही महिने रेटतो आणि मग कातेत जातो.

पकडण्याबद्दल एवढंच. कांदळवनं महाराष्ट्रात संरक्षित आहेत, पुष्कळशी राखीव वन आहेत, आणि मालवणचं क्षेत्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथून काहीही उचलू नये. फिडलरची पिल्लं समुद्रात तरंगून वाढतात, घरी ती होत नाहीत, म्हणून गेलेल्या प्रत्येक खेकड्याच्या जागी खाडीतूनच दुसरा आणावा लागतो. महिनाभर टब सांभाळणं जमणार नसेल तर तिन्ही आत्ताच परत सोडा. जिथून आणले त्याच खाडीत, ओहोटी लागल्यावर, सकाळच्या वेळी, ओल्या कापडात गुंडाळून नेऊन चिखलाच्या वरच्या कडेला ठेवा. टाकीत दुकानातला मासा किंवा खेकडा एकदाही ठेवला असेल तर मात्र परत सोडू नका, त्याचा रोग खाडीत जाईल.